खड्डा क्रमांक एक

शनिवारची शाळा सुटली, आणि मैदानामागच्या शेवग्याखाली
आम्ही दोघं खोटं पुरायला बसलो:
मी, आणि शिपाई याकूब मुकादम,
ज्यांच्या निवृत्तीला सात महिने उरलेत
आणि कुदळीवर ज्यांचा हात अजून तरुण आहे.

उद्या पुरातत्त्व बॅजचा पहिला वर्ग.
मुलं एकोणीस. रत्नागिरीहून टपालानं आलेले
कापडी बिल्ले सोळा.
तिघांचं काय, ते अजून ठरवलेलं नाही.

सामान: चार खुंट्या, सुतळी, भिंत रंगवायचे ब्रश,
माझ्या घरची तांदळाची चाळण,
काळे-पांढरे पट्टे मारलेली फूटपट्टी.
उत्तर दिशा याकूबभाईंनी हातानंच दाखवली;
होकायंत्र जरा थरथरलं, मग त्यांच्याशी सहमत झालं.

खालचं जुनं, वरचं नवं, म्हणून थर असे:
वर शाम्पूची पुडी, पेनाचं टोपण,
त्याखाली मंगलोरी कौलाचा कोपरा, पाटीवरची पेन्सिल,
त्याखाली माझ्या रुखवतातल्या कपाचा कान
(बशी अजून फडताळात आहे, एकटी)
आणि तळाशी प्राचीन काळ,
म्हणजे धोपाव्याच्या बाजूनं आणलेलं मडकं.
फेरीबोटीत शेजारच्यानं विचारलं, "बाई, मडकं कशाला?"
"फोडायला," म्हटलं.
तो गप्प झाला. सरकून जागा दिली.
काल रात्री मोरीत आपटून
मी ते इतिहासजमा केलं.

प्राचीन काळाला अजून वीतभर खोली हवी होती.
याकूबभाईंनी कुदळ घातली.
जांभ्याची तांबडी माती संपली आणि लागले शिंपले,
तिसऱ्यांचे, कालवांचे, एकमेकांत दाबून बसलेले,
जणू पंगत आत्ताच उठून हात धुवायला गेलीय.
शिंपल्यांत राख. राखेत
नखाएवढा तुकडा. निळी झिलई, तिच्यावर अर्धी वेल.

याकूबभाई कुदळ तशीच धरून म्हणाले,
"बाई, हे तर आपण पुरलं नव्हतं."

मी तो उचलला. ओढणीला पुसला. उन्हात धरला.
मग आठवलं,
उद्या फळ्यावर लिहायचा नियम पहिला: उचलायचं नाही.
नियम दुसरा: पुसायचं नाही.

परत ठेवायला वाकले, पण कुठे?
बोटभर अलीकडे की पलीकडे?
वेल वर होती की मातीकडे तोंड करून?
राखेनं मघाच आपली घडी मोडली होती,
ती काही सांगेना.

किती जुना, मला कळत नाही.
दाभोळच्या खाडीत गलबतं यायची, हे शेंबडं पोरही सांगेल,
पण याकूबभाई म्हणतात, "आमच्या खालाकडं
ईदला अशाच बशा निघायच्या."
म्हणजे चारशे वर्षं. किंवा चाळीस.

खोटे थर टोपलीत परत भरले.
खड्ड्यावर झाप, झापाच्या कोपऱ्यांवर चार चिरे.
पुरातत्त्व कार्यालयाचा नंबर शोधून ठेवला,
रविवारी तो कुणी उचलणार नाही हे माहीत असून
दोनदा फिरवला.

रात्री वहीचं पहिलं पान आखलं.
खड्डा क्रमांक: एक. खोली: बासष्ट सेंटिमीटर.
वस्तू: झिलईचा तुकडा.
जागा:
इथे पेन बराच वेळ उभं राहिलं.
मग लिहिलं, फळ्यावर लिहिते तशा अक्षरात,
मुलांना मागच्या बाकावरूनही वाचता यावं असं:
तुकडा मूळ जागी नाही.
हलवला: शर्मिष्ठा बेंडल, वर्गशिक्षिका.
साक्षीदार: या. मुकादम.

सकाळी फाटकातून पहिली सायकल आत यायच्या आधी
याकूबभाईंनी पान वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं,
माझं पेन मागून घेतलं,
"साक्षीदार"वर सरळ रेघ मारली
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं:
कुदळ.